भाऊबंदकी ते शेजारधर्म

२०२५ उजाडलं तेव्हा डेन्मार्कच्या राजाने आपलं राजचिन्ह बदलल्याचं जाहीर केलं. ढालीच्या एका कोपऱ्यात ग्रीनलंडचं पांढरं अस्वल आणि फेरो बेटांचा मेंढा तीन मुकुटांसोबत दाटीवाटीने बसवलेले होते. आता मुकुट काढून टाकले आणि अस्वलाला नि मेंढ्याला एकेक स्वतंत्र खण मिळाला. डोनाल्ड ट्रम्प त्याच सुमारास ग्रीनलंडसाठी धोशा लावून बसले होते, त्यामुळे साहजिकच सगळी चर्चा अस्वलाची झाली. गेलेल्या मुकुटांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. माझ्या मते तीही तितकीच मोठी बातमी होती.

ते मुकुट म्हणजे कालमार संघाची आठवण. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तिन्ही राज्यं एकाच गादीखाली होती, त्या काळाची. संघ १५२३ मध्ये मोडला, तरी डेन्मार्कच्या राजाने मुकुट सोडले नाहीत, आणि स्वीडन तर तेच तीन मुकुट आपली खूण म्हणून मिरवत होता. १५६३ मध्ये दोघांत सात वर्षांचं युद्ध पेटलं, त्याच्या कारणांमध्ये या चिन्हाचं भांडणही होतं. ज्यासाठी माणसं मेली ते चिन्ह आता एका राजपत्राने उतरवलं गेलं, आणि त्यासाठी ना कोपनहेगनमध्ये मोर्चा निघाला, ना स्टॉकहोममध्ये कुणी पेढे वाटले.

या देशांबद्दल एक गोड समजूत सर्वत्र आढळते. वंश एक, धर्म एक, भाषा एकमेकींना कळण्याजोग्या, म्हणून डेन, स्वीड आणि नॉर्वेजियन सख्ख्या भावांसारखे गुण्यागोविंदाने राहतात, असं म्हटलं जातं. इतिहास उघडला की हे चित्र पार उलटं दिसतं. वंश, धर्म आणि भाषा जेव्हा आजच्यापेक्षाही जवळच्या होत्या, तेव्हाच त्यांनी एकमेकांचे गळे कापले. सख्ख्या भावांचा मेळ कसा असतो हे भाऊबंदकीचे खटले पाहत वाढलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मला म्हणायचं आहे ते असं: एक होण्याचा हट्ट सोडल्यावरच हे देश एकमेकांच्या जवळ आले, आणि जिथे हा हट्ट अजून पुरता सुटलेला नाही तिथे आजही दुखतं आहे.

कालमार संघ घडवला मार्गरेटाने. डेन्मार्कच्या राजाची ती मुलगी, नॉर्वेच्या राजाची बायको. नवरा गेला, मुलगा गेला, तशी बहिणीच्या नातवाला पुढे करून तिने १३९७ मध्ये कालमारला त्याला तिन्ही राज्यांचा राजा म्हणून अभिषेक करवला आणि स्वतः मरेपर्यंत कारभार आपल्याच हाती ठेवला. विलक्षण बाई. पण तो संघ घराण्यांचा होता, लोकांना कुणी विचारलं नव्हतं. सव्वाशे वर्षांच्या कुरबुरींनंतर १५२० च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याने स्टॉकहोममध्ये राज्याभिषेकाच्या मेजवान्या उरकल्या आणि लगेच ऐंशीहून अधिक सरदार, बिशप आणि नागरिकांची मुंडकी उडवली. त्यात ज्याचा बाप मारला गेला तो गुस्ताव वासा १५२३ मध्ये ६ जूनला स्वीडनचा राजा निवडला गेला. ६ जून हा आज स्वीडनचा राष्ट्रीय दिन आहे.

इथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. नॉर्वेचा राष्ट्रीय दिन १७ मे, म्हणजे १८१४ मध्ये डेन्मार्कच्या राजवटीतून बाहेर पडताना त्यांनी स्वतःची राज्यघटना स्वीकारली तो दिवस. आइसलंडचा १७ जून. १९४४ मध्ये त्याच दिवशी त्यांनी डेन्मार्कच्या राजाशी उरलेलं नातं संपवून प्रजासत्ताक जाहीर केलं. म्हणजे तीन शेजारी दरवर्षी झेंडे फडकवतात ते कुठल्या ना कुठल्या अर्थाने डेन्मार्कपासून सुटल्याच्या आनंदात. डेन्मार्कला स्वतःला असा स्वातंत्र्यदिन नाही. तो जून महिन्यात आपल्या १८४९ च्या घटनेचा दिवस साजरा करतो, तोही बेताबेताने. मोठा भाऊ कोण होता हे एवढ्यावरूनही कळतं.

पण हा मोठा भाऊ हरतही गेला, आणि त्या हरण्याची सर्वांत खोल खूण आहे स्कोने. स्वीडनचं दक्षिण टोक. माल्मो, लुंड, हेल्सिंगबोर्ग ही गावं मध्ययुगात डेन्मार्कची होती. लुंडला तर साऱ्या उत्तरेचं आर्चबिशपचं पीठ होतं. १६५८ च्या कडाक्याच्या थंडीत डेन्मार्कच्या बेटांमधला समुद्र गोठला आणि स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव याने घोडे आणि तोफा घेऊन फौज चक्क बर्फावरून पलीकडे नेली. रॉस्किल्डेच्या तहात डेन्मार्कने स्कोने, ब्लेकिंगे, हालांड आणि बोर्नहोम बेट गमावलं. बोर्नहोमच्या लोकांनी त्याच वर्षाअखेर स्वीडिश अधिकाऱ्याला ठार करून आपलं बेट डेन्मार्कच्या राजाला परत नेऊन दिलं. स्कोनेला ते जमलं नाही. ओरेसुंड सामुद्रधुनीचे दोन्ही काठ एकाच राजाच्या ताब्यात असू नयेत, यातच डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांचंही हित होतं. कारण डेन्मार्क तिथे १४२९ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून जकात घेत होता, आणि ती पुढे १८५७ पर्यंत घेत राहिला.

स्कोने स्वीडिश झालं ते आपोआप नव्हे. १६६६ मध्ये लुंडला विद्यापीठ स्थापन झालं, ते विद्येबरोबरच निष्ठा शिकवण्यासाठीही. १६७६ मध्ये डेन्मार्कने मुलूख परत घेण्याचा प्रयत्न केला. डिसेंबरात लुंडबाहेर झालेल्या एका दिवसाच्या लढाईत दोन्ही बाजूंचे जवळपास निम्मे सैनिक पडले. डेन्मार्कच्या बाजूने रानात लपून लढणाऱ्या शेतकऱ्यांना स्वीडिशांनी पकडून हालहाल करून मारलं. मग चर्चमधली प्रार्थना स्वीडिश, पोरांची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी स्वीडिश. दोन-तीन पिढ्यांत काम झालं. आज ओरेसुंडच्या शांततेचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही की तिच्या पायात सक्तीने पुसलेली एक भाषाही गाडलेली आहे.

नॉर्वेची गोष्ट वेगळी. तिथे तलवारीपेक्षा दौत-लेखणी जास्त चालली. १३८० पासून १८१४ पर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षं, नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या हाताखाली होता. धर्मसुधारणेनंतर बायबल आलं ते डॅनिशमध्ये, कायदे डॅनिशमध्ये, आणि १८११ पर्यंत नॉर्वेत विद्यापीठच नसल्याने पाद्री नि कारकून शिकायला कोपनहेगनला जात. नाटककार होलबर्ग १६८४ मध्ये बर्गेनला जन्मला, आयुष्य काढलं कोपनहेगनमध्ये, आणि आज दोन्ही देश तो आपला म्हणून सांगतात. (आपल्याकडे तमिळनाडूत तरंगमबाडीला जो ‘डॅनिश’ किल्ला आहे, तोही १६२० पासून याच जोडराज्याचा. तिथल्या डॅनिश मिशनमधून आलेल्या श्वार्त्झ नावाच्या जर्मन पाद्र्यानेच पुढे तंजावरच्या सरफोजी राजांना लहानपणी सांभाळलं नि शिकवलं.) राजकीय धागा तुटल्यावरही लेखणीचा धागा राहिला. इब्सेन नॉर्वेचा, पण त्याचे प्रकाशक कोपनहेगनचे ग्युल्डेन्डाल. नॉर्वेजियनांनी ग्युल्डेन्डालची नॉर्वेतली शाखा पैसे मोजून आपली केली ती थेट १९२५ मध्ये.

डेन्मार्कने नॉर्वे गमावला नेपोलियनच्या बाजूने उभं राहिल्याच्या पापात. १८१४ च्या जानेवारीत कीलच्या तहाने तो स्वीडनच्या राजाला देऊन टाकण्यात आला. पण त्या तहात एक पोटकलम होतं: आइसलंड, फेरो आणि ग्रीनलंड, जी मुळात नॉर्वेच्या राजाची जुनी मालमत्ता होती, ती डेन्मार्ककडेच राहतील. त्या पोटकलमाकडे पुढे यायचंच आहे.

एकोणिसाव्या शतकात विद्यार्थी आणि कवी यांना पुन्हा एकीचं वेड लागलं. १८२९ मध्ये लुंडच्या कॅथेड्रलमध्ये स्वीडिश कवी टेग्नेर याने डॅनिश कवी ओलेनश्लेगरच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवला आणि फुटीचा काळ संपल्याचं जाहीर केलं. पुढची पस्तीस वर्षं उप्सालापासून कोपनहेगनपर्यंत मेळावे, गाणी, शपथा यांचा पूर आला. १८६३ मध्ये स्वीडन-नॉर्वेचा राजा पंधरावा कार्ल याने डेन्मार्कच्या राजाला वीस हजार सैनिक पाठवण्याचा शब्दच देऊन टाकला. पण त्याच्या मंत्र्यांनी तो मानला नाही. १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया चालून आले, डेन्मार्कने श्लेस्विग-होल्श्टाइन गमावलं, आणि काही स्वयंसेवक सोडले तर उत्तरेतून कुणीही आलं नाही. इब्सेन तर या विश्वासघाताने पेटून उठला होता. मला त्याचा संताप समजतो, पण स्वीडिश मंत्र्यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. गाण्यांच्या जोरावर दिलेला शब्द पाळायला तेव्हा त्यांच्यापाशी ना फौजेची तयारी होती, ना बड्या सत्तांचा पाठिंबा. एक झालं मात्र: एकराष्ट्राचं स्वप्न त्या वर्षी मेलं.

आणि नेमकं त्यानंतर खरं काम सुरू झालं. १८७२ मध्ये तिन्ही देशांच्या वकील-न्यायाधीशांची पहिली बैठक कोपनहेगनला भरली. कवींना जे साधलं नाही ते या रुक्ष मंडळींनी साधलं. त्यांच्या पुढच्या बैठकांतून आणि समित्यांतून कराराचे, खरेदी-विक्रीचे, लग्न-घटस्फोटाचे कायदे तिन्ही संसदांनी स्वतंत्रपणे, पण जवळपास एकाच मसुद्याने मंजूर केले. १८७३ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनने, दोन वर्षांनी नॉर्वेनेही, एकाच वजनाच्या सोन्यावर आधारलेलं क्रोन हे चलन स्वीकारलं. पहिल्या महायुद्धापर्यंत एका देशाचं नाणं दुसऱ्या देशाच्या दुकानात त्याच भावाने चालत होतं.

मग आलं १९०५. नॉर्वेने ७ जूनला स्वीडनबरोबरचा संघ मोडल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडे फौजा सीमेकडे सरकल्या. ऑगस्टमधल्या सार्वमतात संघ मोडण्याच्या बाजूने ३ लाख ६८ हजारांवर मतं पडली, विरोधात १८४. हो, एकशे चौऱ्याऐंशी. स्वीडनला युद्ध करता आलं असतं, आणि तशी मागणी करणारेही होते. पण दोघांची शिष्टमंडळं कार्लस्टाड गावी बसली, नॉर्वेने सीमेवरचे नवे किल्ले पाडायचं कबूल केलं, मध्ये लष्करमुक्त पट्टा आखला गेला, आणि गोळी न झाडता वाटणी झाली. नवा राजा म्हणून नॉर्वेने बोलावला डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल. त्याची आई स्वीडनची राजकन्या, वीस हजार सैनिकांचा शब्द देणाऱ्या त्याच पंधराव्या कार्लची मुलगी. नातवाने आजोबांपेक्षा शहाणपणा दाखवला: लोकांनी मत देऊन बोलावल्याशिवाय मी येणार नाही, असं त्याने सांगितलं. नोव्हेंबरात लोकांनी मत दिलं आणि तो सातवा हाकोन झाला.

उत्तरेतल्या शेजारधर्माचा जन्म माझ्या लेखी इथे आहे. त्याची परीक्षा लवकरच झाली. १९३१ मध्ये काही नॉर्वेजियनांनी पूर्व ग्रीनलंडच्या एका पट्ट्यावर झेंडा रोवला आणि नॉर्वे सरकारने त्यांची पाठराखण केली. कीलच्या तहातली ती जुनी जखम होती. डेन्मार्क हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १९३३ मध्ये निकाल डेन्मार्कच्या बाजूने लागला, आणि नॉर्वेने तो निमूटपणे मानला. निकाल हरल्यावर घरी जाणारा पक्षकार हा भाऊबंदकीच्या इतिहासात दुर्मीळच.

यावर आक्षेप घेणारे म्हणतात, कठीण वेळी प्रत्येकाने आपलंच पाहिलं. मग कसला शेजारधर्म? आक्षेप पोकळ नाही. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला, आणि तटस्थ स्वीडनने १९४३ च्या ऑगस्टपर्यंत जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेने नॉर्वेत जाऊ-येऊ दिलं. नॉर्वेत ते अनेक वर्षं विसरलं गेलं नाही. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचं काय? डेन्मार्कमधल्या ज्यूंना धरून नेणार असल्याची कुणकुण एका जर्मन अधिकाऱ्याने हान्स हेडटोफ्ट या सोशल डेमोक्रॅट नेत्याला दिली, त्याने ती ज्यू समाजाच्या म्होरक्यांपर्यंत पोहोचवली. स्वीडनने रेडिओवरून जाहीर केलं की येतील त्यांना आम्ही घेऊ. पुढच्या काही आठवड्यांत सात हजारांहून अधिक माणसं रात्रीच्या मासेमारी बोटींतून ओरेसुंड ओलांडून गेली. काही नाववाल्यांनी भरमसाट भाडं उकळलं, हेही खरं. पावणेपाचशेच्या आसपास लोक पकडले जाऊन थेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत गेले. तरीही जर्मनांनी व्यापलेल्या युरोपात याला जवळपास तोड नाही. ज्या पाण्याच्या पट्टीसाठी दोन देश शतकानुशतकं लढले, तिचा पलीकडचा काठ परका होता म्हणूनच हे लोक वाचले. १९४३ मध्ये स्कँडिनेव्हिया एकच राष्ट्र असतं तर ते सगळंच्या सगळं व्यापलं गेलं असतं, आणि पळून जायला काठच उरला नसता. वेगळेपणाची किंमत मला याहून स्पष्ट कुठे दिसलेली नाही.

हाच हेडटोफ्ट युद्धानंतर पंतप्रधान झाला आणि त्याने स्कँडिनेव्हियाच्या एकत्रित संरक्षण संघासाठी जिवाचं रान केलं. १९४९ च्या जानेवारीत तो प्रयत्न फसला. डेन्मार्क, नॉर्वे नाटोत गेले, स्वीडन तटस्थ राहिला. मोठी इमारत पडली म्हटल्यावर त्याने छोटी सुचवली: खासदारांची एक सल्लागार परिषद, हातात कसलाही अधिकार नसलेली. १९५२ मध्ये नॉर्डिक परिषद स्थापन झाली. त्याच वर्षी या देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जायला पासपोर्ट लागेनासा झाला, १९५४ मध्ये नोकरीसाठी परवाना नकोसा झाला, १९५५ मध्ये निवृत्तिवेतन नि आजारपणाचे हक्क सीमेपलीकडे चालू लागले. युरोपीय आर्थिक समुदायाची सुरुवात १९५७ च्या रोम करारातून झाली, म्हणजे त्याच्याही आधी. हेडटोफ्ट १९५५ मध्ये गेला, तोही स्टॉकहोमला, परिषदेचं अधिवेशन चालू असताना. पुढे १९७० मध्ये नॉर्डेक नावाच्या आर्थिक संघाचा आणखी एक भव्य मनसुबा कोसळला. छोट्या गोष्टी मात्र चालत राहिल्या.

भाषेचं कारण पुढे करून आता अनेक जण गळा काढतात. तरुण डेन आणि स्वीड एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, डॅनिशचे गिळलेले उच्चार स्वीडिशांना झेपत नाहीत, नॉर्वेजियन तेवढे दोघांनाही समजून घेतात. हे सगळं खरं आहे. पण भाषा अगदी जवळ होती तेव्हा लुंडबाहेर काय झालं ते वर आलंच आहे. मला जास्त काळजी वाटते ती कागदाची. २००० मध्ये खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलाने माल्मो-कोपनहेगन हा रोजच्या कामाचा रस्ता केला. जानेवारी २०१६ मध्ये निर्वासितांच्या लोंढ्यापायी स्वीडनने त्याच रस्त्यावर ओळखपत्र तपासायला सुरुवात केली, २०१९ मध्ये कोपनहेगनमधल्या स्फोटांनंतर डेन्मार्कनेही तपासणी लावली, आणि करोनात तर दारंच लागली. जे नातं छोट्या सोयींवर उभं आहे ते छोट्या गैरसोयींनीच खचतं. हद्द ओलांडून कामाला जाणारी नर्स किंवा इलेक्ट्रिशियन कर नि विम्याच्या दोन-दोन अर्जांत अडकते, तेव्हा कुठल्याही व्हायकिंग प्रदर्शनापेक्षा तिचा प्रश्न महत्त्वाचा असतो.

आता ते पोटकलम. आइसलंडच्या बाबतीत डेन्मार्क सावकाश का होईना, नीट वागला. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना आइसलंडने संबंध तोडले हे डॅनिशांना लागलं होतं, तरी राजा दहाव्या क्रिस्तियानने अभिनंदनाची तार पाठवली. पुढे आइसलंडने आपली जुनी हस्तलिखितं मागितली. ती अर्नी माग्नुसन या आइसलंडी पंडिताने जमवून कोपनहेगन विद्यापीठाला दिलेली होती, म्हणजे कायद्याने डेन्मार्कचीच. संसदेत वाद झाले, खटले झाले, आणि १९७१ च्या एप्रिलमध्ये पहिली दोन हस्तलिखितं डॅनिश नौदलाच्या जहाजातून रेक्याविकला पोहोचली.

ग्रीनलंडशी असं वागणं झालं नाही. १९५१ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे इनुइटांच्या, २२ मुलांना ‘चांगले डेन’ बनवण्यासाठी घरच्यांपासून तोडून डेन्मार्कला नेलं. १९५३ च्या नव्या घटनेने ग्रीनलंडला वसाहतीऐवजी डेन्मार्कचा भाग केलं, पण त्यावरच्या सार्वमतात ग्रीनलंडच्या लोकांना मत नव्हतं. त्याच वर्षी थुलेच्या अमेरिकी तळापायी तिथल्या वस्तीला काही दिवसांच्या मुदतीत उठवलं. साठ-सत्तरच्या दशकांत हजारो बायका-मुलींना, अनेकींना संमतीशिवाय, गर्भनिरोधक तांबी बसवली. मुलांची माफी २०२० मध्ये मागितली गेली, बायकांची २०२५ मध्ये. ज्या वर्षांत स्कँडिनेव्हियन आपापसांत पासपोर्ट रद्द करत होते, त्याच वर्षांत हे चाललं होतं. समानांशी शेजारधर्म आणि इतरांशी पालकत्व, अशी ही दोन मापं.

ग्रीनलंडचा खरा प्रश्न ट्रम्प नाहीत. २००९ च्या स्वशासन कायद्याने स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलंडच्या लोकांचा आहे हे मान्य केलं आहे, शेवटचा शिक्का मात्र डॅनिश संसदेकडे ठेवला आहे. तो निर्णय कधी होईल, होईल की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. पण त्यासाठी थांबण्याची गरज नसलेली एक गोष्ट आहे. नॉर्डिक परिषदेत आजही ग्रीनलंड आणि फेरोचे प्रतिनिधी डेन्मार्कच्या शिष्टमंडळाचा भाग म्हणून बसतात, आणि फेरोने मागितलेलं पूर्ण सदस्यत्व अजून मिळालेलं नाही. परिषदेला अधिकार जवळजवळ नाहीतच, तेव्हा ते देण्यात डेन्मार्कचं काही जाणारही नाही. आधी ते द्यावं, कार्लस्टाडसारखं टेबल मांडायची वेळ येण्यापूर्वी.